आदिवासींचा कायदा कथेत असतो, गाण्यात असतो. तो पुन्हा राबवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुख्यतः कॅनडाबद्दल आहेत. आदिवासी समाजांनी आपले जुने कायदे पुन्हा वापरात आणण्याचं काम तिथे गेल्या काही दशकांत फार जोमाने चाललं आहे, आणि त्यातल्या अडचणीही तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतात.

‘आदिवासींचा कायदा’ म्हणजे सरकारने आदिवासींसाठी केलेला कायदा ना?

नाही, आणि हा गोंधळ आधी मिटवायला हवा. 1876 चा ‘इंडियन ॲक्ट’ ओटावाच्या संसदेने केला. कोणाला ‘इंडियन’ म्हणायचं, राखीव वस्तीचा कारभार कसा चालवायचा, हे त्या कायद्याने बाहेरून ठरवलं. तो आदिवासींवरचा कायदा आहे, आदिवासींचा नव्हे.

आदिवासींचा कायदा म्हणजे क्री, अनिशिनाबे, निस्गा, हाइडा, गित्क्सान अशा समाजांनी युरोपची जहाजं येण्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःसाठी घडवलेला कायदा. कोणत्या नदीत कोणत्या घराण्याने मासे धरायचे, दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना परवानगी कशी मागायची, लग्न कसं लागतं आणि कसं मोडतं, खून झाला तर दोन घराण्यांनी काय करायचं, हे सगळं त्यात येतं. प्रत्येक समाजाचा कायदा वेगळा आणि त्याचं नावही वेगळं. निस्गा त्याला ‘अयूक’ म्हणतात, हाइल्टसुक ‘ग्विलास’ म्हणतात. क्री लोकांच्या कायद्याच्या मुळाशी ‘वाहकोतोविन’ आहे, म्हणजे माणसं, प्राणी, पाणी, जमीन यांच्यातलं नातं आणि त्या नात्यातून येणारी कर्तव्यं.

लिहून ठेवलेला नाही, मग तो कायदा कसा? रूढी म्हणा.

लिहिणं हा नोंद ठेवण्याचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे. वायव्य किनाऱ्यावरच्या समाजांत ‘पॉटलॅच’ नावाचा मोठा समारंभ होतो. घराण्यातलं एखादं मानाचं नाव एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि त्या नावाबरोबर ठरावीक जमीन, मासेमारीची जागा, जबाबदाऱ्याही जातात. हे सगळं जमलेल्या पाहुण्यांसमोर बोलून दाखवलं जातं. यजमान पाहुण्यांना भेटी देतो. भेट घेतली की पाहुणा साक्षीदार झाला. उद्या वाद निघाला, तर ‘त्या दिवशी काय ठरलं’ हे सांगणं त्याच्यावर बंधनकारक. दस्तनोंदणीच्या कचेरीत जे काम शिक्का आणि सह्या करतात, तेच काम इथे शेकडो माणसांची स्मृती करते. होदेनोशोनी लोकांचे शिंपल्यांच्या मण्यांचे ‘वाम्पम’ पट्टे, किनाऱ्यावरचे कोरीव खांब, घराण्याची गाणी, ही सगळी त्याच जातीची साधनं.

अनिशिनाबे कायदेपंडित जॉन बरोज यांनी आदिवासी कायद्याचे पाच उगम सांगितले आहेत: पवित्र कथा, निसर्गाचं निरीक्षण, एकत्र बसून केलेली चर्चा, अधिकारी व्यक्तीने घालून दिलेला नियम, आणि रूढी. म्हणजे रूढी हा पाचातला एक उगम. सगळ्यालाच ‘रूढी’ म्हटलं की विचार करून, वाद घालून, पटवून घेतलेले निर्णय दिसेनासे होतात. हा शब्द निरागस नाही असं मला वाटतं.

न्यायालयात गाणं पुरावा म्हणून चालतं का?

या प्रश्नाचं उत्तर एका खटल्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटिश कोलंबियातल्या गित्क्सान आणि वेत्सुवेतेन या दोन राष्ट्रांच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी आपल्या सुमारे 58,000 चौरस किलोमीटर प्रदेशावर हक्क सांगितला. ‘डेलगामुक’ नावाने हा खटला ओळखला जातो. 1987 मध्ये सुनावणी सुरू झाली आणि 374 दिवस चालली. त्यांच्याकडे खरेदीखत नव्हतं. होत्या त्या गित्क्सानांच्या ‘अदावक’, म्हणजे घराण्याच्या मालकीच्या, पिढ्यान्‌पिढ्या साक्षीदारांसमोर म्हटल्या गेलेल्या इतिहासकथा, आणि त्यांच्याबरोबरची गाणी. जमीन घराण्याकडे कशी आली, तिथे कोण मेलं, कशासाठी मेलं, हे त्या गाण्यांत आहे.

मेरी जॉन्सन या गित्क्सान ज्येष्ठ साक्षीला उभ्या होत्या. त्यांच्या अदावकमध्ये एक शोकगीत येतं आणि ते त्यांना न्यायालयात म्हणायचं होतं. न्यायाधीश ॲलन मॅकइकर्न यांनी हरकत घेतली. शब्द लिहून दिले तर पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आपले कान पत्र्याचे आहेत, म्हणजे सुरांचं आपल्याला काही कळत नाही, गाण्याने आपल्याला काही उपयोग नाही, असंही ते म्हणाले. मेरी जॉन्सन यांनी गाणं म्हटलंच. त्यांच्या कायद्यात गाणं हा साक्षीचा अलंकार नाही, तीच साक्ष आहे. 1991 मध्ये मॅकइकर्न यांनी मालकीहक्काचा दावा फेटाळला.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1997 रोजी तो निकाल उलटवला आणि मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने स्थान दिलं पाहिजे असं सांगितलं. जमीन मात्र त्यांच्या हाती आली नाही. फेरसुनावणीचा आदेश झाला आणि ती फेरसुनावणी कधी झालीच नाही. एखाद्या विशिष्ट प्रदेशावर आदिवासी मालकी आहे अशी कॅनडातली पहिली न्यायालयीन घोषणा व्हायला 2014 साल उजाडलं. ती त्सिल्कोतिन राष्ट्राच्या खटल्यात झाली.

हे कायदे नामशेष झाले होते का?

नामशेष झाले नव्हते, त्यांना गुन्हा ठरवण्यात आलं होतं. 1885 पासून 1951 पर्यंत पॉटलॅचवर बंदी होती. 1921 च्या नाताळात क्वाक्वाकावाक्व समाजातल्या डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. पंचेचाळीस जणांवर गुन्हे दाखल झाले. भाषण केलं, नाच केला, भेटवस्तू वाटल्या, हे त्यांचे गुन्हे. मुखवटे आणि तांब्याचे मानाचे पत्रे जप्त करून संग्रहालयांत पाठवले गेले. विचार करा: साक्षीदार तुरुंगात आणि दस्तऐवज काचेच्या कपाटात. त्यातला बराचसा ऐवज पुढे परत आला आणि तो ठेवायला 1980 मध्ये अलर्ट बे इथे ‘उमिस्ता’ केंद्र उघडलं.

1927 ते 1951 या काळात तर जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं, वकील लावणं हाच गुन्हा होता. दुसरीकडे दीड लाखाहून अधिक मुलं निवासी शाळांत नेली गेली. तिथे त्यांची भाषा बंद. जो कायदा ऐकून आणि पाहून शिकायचा, त्याची ऐकणारी पिढीच उचलून नेली. ज्या आजी-आजोबांनी तरीही कथा जपल्या, त्यांनी स्वतःला धोक्यात घालून जपल्या. आज जे काम उभं आहे ते त्यांच्या जिवावर.

पुन्हा जागवतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

खूप ऐकतात आणि मग कसून वाचतात. 2015 मध्ये निवासी शाळांचा शोध घेणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने 94 शिफारशी केल्या. त्यातली पन्नासावी होती आदिवासी कायद्याच्या अभ्यासासाठी संस्था उभारण्याची. व्हिक्टोरिया विद्यापीठात व्हाल नेपोलियन यांनी आदिवासी कायद्यासाठी एक संशोधन विभाग आधीच सुरू केला होता. 2018 मध्ये तिथे कॅनडाचा सर्वसाधारण कायदा आणि आदिवासी कायदा अशा दोन्हींची पदवी एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. जगात असा पहिलाच.

त्यांची एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वकील जसा जुना निकाल वाचतो तशी कथा वाचायची. तंटा काय होता? निर्णय कोणी घेतला? काय घेतला? कारण काय दिलं, किंवा न सांगता काय सूचित केलं? क्री आणि अनिशिनाबे कथांत ‘वेतिको’ येतो, म्हणजे माणसं खाणारा, आपल्याच लोकांवर उलटणारा. बाहेरच्यांनी या कथा वर्षानुवर्षं भुताखेताच्या म्हणून छापल्या. कायद्याच्या अभ्यासक हॅडली फ्रीडलंड यांनी त्या ‘आपल्याच घरातला माणूस धोकादायक झाला तर काय करायचं’ या प्रश्नावरचे निवाडे म्हणून वाचल्या. कथा एकापुढे एक ठेवल्या की सूत्र दिसू लागतं. लक्षणं दिसली की गप्प बसायचं नाही, इतरांना सावध करायचं. निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, घरचे आणि जाणकार मिळून घ्यायचा. बरं करता आलं तर आधी बरं करायचं. ते जमेना तर दूर ठेवायचं. लहान-दुबळ्यांचा बचाव मात्र सगळ्याच्या वर. घरातल्या मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांना तोंड देणाऱ्या वस्त्यांना ही सूत्रं आज उपयोगी पडतात.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. काढलेलं सूत्र वस्तीत परत न्यायचं, ज्येष्ठांपुढे ठेवायचं, ‘असंच आहे का?’ विचारायचं. ‘नाही’ आलं तर पुन्हा बसायचं. विद्यापीठात तयार झालेला अहवाल हा कायदा नव्हे.

कायदा आहे हे मान्य, पण पाळला नाही तर करणार काय?

खरी गाठ इथे आहे.

सगळ्यात ठोस यश मुलांच्या बाबतीत आलं आहे. 2021 च्या जनगणनेनुसार कॅनडातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुलं 7.7 टक्के, पण आई-बापांपासून काढून परक्या घरी (फॉस्टर केअरमध्ये) ठेवलेल्या मुलांत ती 53.8 टक्के. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने आदिवासी समाजांना मुलांच्या देखभालीचा स्वतःचा कायदा करायची वाट दिली. समाजाने सरकारला कळवायचं, करारासाठी बोलणी करायची. करार झाला, किंवा वर्षभर प्रामाणिक प्रयत्न करूनही झाला नाही, तरी त्या समाजाच्या कायद्याला केंद्रीय कायद्याचं बळ मिळतं आणि तो प्रांताच्या कायद्याला भारी पडतो. सस्कॅचवानमधल्या कावेसेस राष्ट्राने 2021 मध्ये असा पहिला करार केला. क्वेबेक प्रांताने या व्यवस्थेला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 2024 रोजी ती वैध ठरवली.

बाकी ठिकाणी चित्र इतकं बरं नाही. राखीव वस्तीच्या कौन्सिलने नियम केला, कोणीतरी तो धडधडीत मोडला, पोलिसांना फोन केला, तर उत्तर येतं: हा आमच्या अखत्यारीत येतो की नाही ठाऊक नाही. पोलिसांनी पकडलं तरी खटला कोणी चालवायचा यावर घोडं अडतं. कोव्हिडच्या काळात वस्त्यांनी आपल्या वेशी बंद केल्या तेव्हा हा पेच फार ठिकाणी समोर आला. म्हणून काहींनी आपली यंत्रणा उभी केली. अक्वेसास्नेच्या मोहॉक समाजाने 2016 मध्ये आपल्या कायद्यांसाठी आपलं न्यायालय सुरू केलं.

बाहेरच्या कंपनीवर हा कायदा चालतो का?

दोन उदाहरणं देतो, दोन्ही ब्रिटिश कोलंबियातली.

ऑक्टोबर 2016 मध्ये हाइल्टसुकांच्या बेला बेला गावाजवळ एक टग, म्हणजे तराफे ओढणारी-ढकलणारी बोट, खडकावर आदळली. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला झोप लागली होती. सुमारे 1,10,000 लिटर डिझेल आणि वंगण समुद्रात गेलं, तेही हाइल्टसुक लोक जिथे शिंपले काढतात त्या पाण्यात. सरकारी खटल्यात 2019 मध्ये 29 लाख डॉलरचा दंड झाला. पण त्याच्या आधीच, 2018 मध्ये, हाइल्टसुकांनी आपल्या ‘ग्विलास’नुसार स्वतः निवाडा केला आणि लिहून प्रसिद्ध केला. त्यांच्या कायद्याचा प्रश्न किती दंड हा नव्हताच. ज्याने बिघडवलं त्याने समोर येऊन जबाबदारी घ्यायची आणि नातं दुरुस्त करायचं, हा होता. कंपनीला तो बांधील नाही असं सरकारी वकील म्हणेल. पण पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत तो निवाडा टेबलावर असतो.

दुसरं उदाहरण कॅमलूप्सजवळच्या सोन्या-तांब्याच्या नियोजित खाणीचं. ‘एजॅक्स’ प्रकल्प. ही जागा सेक्वेपेम लोकांच्या पिप्सेल या तळ्याला लागून, आणि पिप्सेलशी त्यांची ‘ट्राउटची मुलं’ ही कथा जोडलेली. सरकारी छाननीच्या भरवशावर न राहता त्यांनी आपली छाननी केली, घराघरांतून निवडलेले पंच बसवले, कथेतून येणारी पाण्याबद्दलची कर्तव्यं आणि अभियंत्यांचे अहवाल दोन्ही ऐकले, आणि मार्च 2017 मध्ये संमती नाकारली. त्याच डिसेंबरात प्रांतानेही प्रकल्प नाकारला, पुढच्या वर्षी केंद्रानेही.

मग वेत्सुवेतेन पाइपलाइनच्या वेळी काय झालं?

तिथे कायदा हरला असं म्हणता येणार नाही, पण त्याला वाट मिळाली नाही. ‘कोस्टल गॅसलिंक’ वायुवाहिनीला मार्गावरच्या वीस निवडून आलेल्या कौन्सिलांनी करार करून मान्यता दिली. वेत्सुवेतेनच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी मात्र नकार दिला. पेच असा की बँड कौन्सिल, म्हणजे राखीव वस्तीची निवडून आलेली कौन्सिल, इंडियन ॲक्टमधून जन्मलेली, आणि तिचा अधिकार मुख्यतः राखीव वस्तीपुरता. पूर्ण प्रदेशाची जबाबदारी वेत्सुवेतेन कायद्यानुसार घराण्यांच्या प्रमुखांवर. डेलगामुकमध्ये दावा लावणारे तेच. तरी 2019 च्या अखेरीस प्रांताच्या न्यायालयाने कंपनीला मनाईहुकूम दिला. आदिवासी कायदा कॅनडाच्या व्यवस्थेत रीतसर मान्य होईपर्यंत तो न्यायालयात प्रभावी ठरत नाही, असं कारण दिलं. फेब्रुवारी 2020 मध्ये पोलीस वेत्सुवेतेन प्रदेशात शिरले आणि त्याच्या निषेधात देशभर रेल्वे रोखल्या गेल्या.

त्या मनाईहुकुमाच्या वर्षभर आधी, 2018 मध्ये, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सेबास्तियन ग्रामोन यांनी आदिवासी कायदेपरंपरा या देशाच्याच कायद्याचा भाग आहेत असं दुसऱ्या एका निकालात स्पष्ट लिहिलं होतं. एकाच देशात एकापाठोपाठ आलेली ही दोन मतं. मला ग्रामोन यांचं बरोबर वाटतं. 1867 मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने क्री रीतीने लागलेलं लग्न कायदेशीर मानलं होतं, तेव्हा कुणी त्या रीतीला आधी संसदेतून मंजूर करून आणायला सांगितलं नव्हतं.

जुने कायदे परत आणले तर बायकांचं काय?

हा प्रश्न मनापासून विचारावा आणि अर्धवट उत्तरावर थांबू नये. होदेनोशोनींमध्ये प्रमुख निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार कुळमातांचा. 1924 मध्ये सरकारने सिक्स नेशन्सचं परंपरागत मंडळ बाजूला सारून निवडणुका आणल्या, आणि इंडियन ॲक्टच्या निवडणुकांत बायकांना 1951 पर्यंत मत नव्हतं. बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की बाईचं नाव ‘इंडियन’ यादीतून कटायचं, हे 1985 पर्यंत चाललं. म्हणजे बरीचशी विषमता बाहेरून आलेली आहे.

पण सगळीच नाही, आणि आत शिरलेली विषमता आता ‘आमची परंपरा’ म्हणून मिरवते. व्हाल नेपोलियन स्वतः हे वारंवार सांगतात: कथा कोण सांगतं, कोणत्या कथा गाळल्या जातात, ‘बाईने शांत राहावं’ हे कायदा सांगतो की सांगणारा, हे विचारलंच पाहिजे. परंपरेला प्रश्न विचारता येत नसेल तर ती कायदा म्हणून काम करणार नाही.

माणसाचे मूलभूत हक्क आणि समाजाचा कायदा यांत भांडण झालं तर?

झालं आहे. युकॉनमधल्या वुंतुत ग्विचिन राष्ट्राच्या संविधानात नियम आहे की कौन्सिलवर निवडून आलेल्याने त्यांच्या भूमीवर, ओल्ड क्रो गावात राहायला यायचं. व्हाइटहॉर्समध्ये राहणाऱ्या एका सदस्य महिलेने, मुलाच्या उपचारांमुळे येता येत नाही म्हणून, आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये म्हटलं की कॅनडाची हक्कांची सनद तिथेही लागू आहे, मात्र तिच्याच 25 व्या कलमामुळे समाजाचं वेगळेपण जपणारा हा नियम टिकतो. हा निकाल कित्येकांना खुपला. मलाही त्यात त्या आईची बाजू पुरेशी ऐकली गेली असं वाटत नाही.

गुन्हेगाराला सोडून देण्याची ही पळवाट नाही का?

मॅनिटोबातल्या हॉलो वॉटर या अनिशिनाबे वस्तीने 1980 च्या दशकात लैंगिक अत्याचारांसाठी आपली पद्धत उभी केली. तिथे अत्याचार करणाऱ्याला गावासमोर बसून काय केलं ते तोंडाने कबूल करावं लागतं आणि पुढे वर्षानुवर्षं उत्तर द्यावं लागतं. तुरुंगात हे कुणी विचारत नाही.

सगळं एकदाचं लिहून संहिता का करत नाहीत?

काहीजण करतात. अमेरिकेत नव्हाहो राष्ट्राच्या कौन्सिलने 2002 मध्ये आपल्या मूलभूत कायद्याला लेखी मान्यता दिली आणि त्यांची न्यायालयं त्याचा आधार घेतात. लिहिलं की पोलिसाला, न्यायाधीशाला, कंपनीच्या वकिलाला दाखवता येतं. पण लिहिताना कथेतलं एक वाक्य ‘नियम’ होतं आणि उरलेली कथा गळून पडते. शिवाय भाषांतरात ‘आदर’ हा शब्द उरतो आणि आदर कसा करायचा ते उरत नाही. माझं मत असं की जिथे बाहेरच्यांशी गाठ पडते, जसं मुलं, पाणी, जमीन, तिथे लिहावं. घरातलं घरात बोलून ठरू द्यावं.

बाहेरच्या माणसाने हा कायदा पाळायचा म्हणजे काय करायचं?

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापलीकडच्या हाइडा ग्वाई या बेटांच्या दक्षिण टोकाला ग्वाई हानास हा संरक्षित प्रदेश आहे. 1985 मध्ये तिथल्या लायल बेटावरची झाडतोड अडवताना 72 जणांना अटक झाली. 1993 च्या करारापासून हाइडा राष्ट्र आणि कॅनडा सरकार मिळून तिथला कारभार पाहतात. एप्रिल 2024 मध्ये प्रांताने सबंध हाइडा ग्वाईवरची हाइडा मालकी मान्य केली. जुन्या गावांच्या जागांवर उन्हाळ्यात हाइडा पहारेकरी राहतात. तुम्ही बोटीने गेलात तर थेट किनाऱ्यावर उतरायचं नाही. रेडिओवरून आपण कोण, किती जण, ते सांगायचं आणि पाण्यातच थांबायचं. आधीचे पाहुणे अजून वर असतील, एका वेळी बाराच जणांना मुभा आहे, तर अर्धा तासही थांबावं लागेल. पहारेकरी ‘या’ म्हणाले की उतरायचं, शिंपल्यांनी आखलेल्या पायवाटेवरूनच चालायचं, आणि कोरीव खांब मातीत परत जात असतील तर त्यांना हात लावायचा नाही.